भट्टीच्या पोटातला धागा

सुरतजवळ हजिऱ्यात एल अँड टीने घडवलेल्या क्रायोस्टॅटचे शेवटचे मोठे भाग 2020 मध्ये फ्रान्सला, 'इटर' या संलयन प्रकल्पाकडे रवाना झाले. जवळपास 30 मीटर उंची, साडेतीन हजार टनांहून जास्त वजन. सुरतेने अभिमान बाळगावा असंच हे काम. पण क्रायोस्टॅट हे सगळ्यात बाहेरचं कवच, अतिशीत चुंबकांभोवती निर्वात राखणारं. उद्याच्या वीज देणाऱ्या संलयन भट्टीत खरा कस लागेल तो आतल्या भागांचा, आणि तिथला एक दावेदार आहे सिलिकॉन कार्बाइडचा धागा.

धाग्याचं गणित सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये कुणाला शिकवायला नको. खानदेशातून आलेली आपली कितीतरी माणसं तिथल्या मागांवर डेनियरच्या, म्हणजे धाग्याच्या जाडीच्या मापाच्या, हिशेबात वाढली. सिलिकॉन कार्बाइडचा जपानी धागा 'हाय-निकॅलॉन' सुमारे 1,800 डेनियरचा असतो. त्यात 500 तंतू, प्रत्येकाची जाडी 14 मायक्रॉन. पॉलिमरचा तंतू ओढायचा आणि भाजून त्याचं सिरॅमिक करायचं, ही वाट 1975 मध्ये सेइशी याजिमा यांनी दाखवली.

हजार अंशांपलीकडे हा तंतू ताणाखाली न तुटताही हळूहळू लांबत जातो. हाच क्रीप. काक्रापार अणुवीज केंद्रातल्या झिरकोनियम मिश्रधातूच्या नळ्याही वर्षानुवर्षांत अशाच लांबतात, म्हणून त्यांची मापं घेत राहावं लागतं. सिरॅमिकमध्ये सरकणं होतं ते मुख्यतः स्फटिककणांच्या सीमांवर. जुन्या निकॅलॉनमध्ये ऑक्सिजन उरायचा. 1200 अंशांच्या आसपास तो वायुरूपाने निघू लागला की तंतू खिळखिळा व्हायचा. मग कच्चा तंतू हवेत तापवून पक्का करण्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने पक्का केला, आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यावर आला. कण मोठे केले की सीमा घटतात, क्रीपही घटतो. पण फार मोठे केले तर तंतूची ताकद जाते. हा तोल साधणं मला या शास्त्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

चाचणीही तितकीच सुंदर. तंतूचं वेटोळं करून भट्टीत ठेवायचं, थंड झाल्यावर मोकळं सोडायचं. तो सरळ झाला तर क्रीप नाही. जितका वाक उरला, तितका क्रीप.

संलयनात मात्र 14 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन अणूंना जागेवरून उडवतात, त्यामुळे नुसत्या उष्णतेने जिथे क्रीप झाला नसता त्या तापमानालाही तो सुरू होतो. अशा न्यूट्रॉनांचा पुरेसा मारा करणारी सोय आज जगात नाही. ती स्पेनमध्ये ग्रानादाजवळ उभी राहते आहे. तोवर हे तंतू विखंडनाच्या अणुभट्ट्यांतच पारखले जात आहेत.