घरातला दुसरा आरसा



भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर थापत राहा. शेतावरून येऊन नुकत्याच टेकला असाल, तर जरा पाय लांब करा. हात चालू दे, कान तेवढा इकडे द्या. आज आपण लेकरांविषयी बोलणार आहोत. त्यांच्या खाण्यापिण्याविषयी, लसीविषयी, तापाखोकल्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आजचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ‘मी कसा आहे?’, ‘मी कशी आहे?’ हे लेकराला कळतं तरी कसं? त्याला हे सांगतं कोण?

आपण म्हणतो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. त्यात थोडं खरं आहे. एखादं बाळ जन्मापासून शांत असतं, एखादं किरकिरं. पण ‘मी ढ आहे’, ‘मी कुरूप आहे’, ‘मला काही जमत नाही’ हे कुठलंच बाळ पाळण्यातून घेऊन येत नाही. ते त्याला इथे आल्यावर कुणाकडून तरी मिळतं. कुणाकडून, ते आज बघू.

‘मी’ कळायला लागतो तेव्हा

तान्हं बाळ रडतं, आपण धावत जातो, पाजतो, थोपटतो. रोज असं झालं की बाळाच्या मनात एक गोष्ट बसते: मी हाक मारली की कुणीतरी येतं. त्याला बोलता येत नाही, पण ‘मी कुणाला तरी हवा आहे’ याची पहिली ओळख त्याला इथेच होते.

१९७२ साली अमेरिकेत ब्यूला ॲम्स्टरडॅम नावाच्या संशोधक बाईंनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या नाकावर त्यांच्या नकळत रंगाचा ठिपका लावला आणि त्यांना आरशापुढे आणलं. वर्षभराची बाळं आरशातल्या बाळाकडे बघून हसली, त्याच्याशी खेळू लागली. त्यांना वाटलं, समोर दुसरंच कुणी आहे. दीड-दोन वर्षांच्या बऱ्याच मुलांचा हात मात्र स्वतःच्या नाकाकडे गेला. म्हणजे ‘तो आरशातला मीच’ हे त्यांना उमगलं होतं. तुम्ही घरी कपाळाला तीट लावून बघू शकता. एखादं मूल हे उशिरा करतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पुढे दोन-अडीच वर्षांचं झालं की ‘माझं’ सुरू होतं. माझी वाटी, माझी आई, मीच करणार. चार-पाच वर्षांचं पोर तर सांगतं, मी सगळ्यांत जोरात पळतो, मी आख्खं पोतं उचलतो. ते खोटं बोलत नसतं. त्या वयात त्याला खरंच तसं वाटतं.

सात-आठ वर्षांचं झालं की ते शेजारच्या पोराशी स्वतःला ताडून बघू लागतं. त्याला येतं, मला येत नाही. तिला बाई पुढे बसवतात, मला मागे. आणि दहा-बारा वर्षांनंतर अंगात बदल होतात, मुलीची पाळी येते, मुलाचा आवाज फुटतो. तेव्हा तर ‘लोक मला काय म्हणत असतील’ हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

चार्ल्स कूली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली लिहून ठेवलं की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात बघतो. मी यांना कशी दिसते, यांना माझ्याविषयी काय वाटतं, हे तो मनात ताडतो आणि त्यावरून त्याला अभिमान वाटतो किंवा लाज वाटते. भिंतीवरचा आरसा नाक-डोळे दाखवतो. घरातला दुसरा आरसा म्हणजे आपण: आई, बाप, आजी, काका, गुरुजी, शेजारीण. आपण जे दाखवू, ते लेकरू खरं मानतं.

हाक मारतो, तसं मूल घडतं

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल, अशी रीत काही भागांत होती. त्या पोरीने शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तेही ‘नको असलेली’ या नावाला. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभात नवी नावं दिली गेली. नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं घ्यायला मुली चांगले कपडे घालून रांगेत उभ्या होत्या.

नाव बदललं, फार चांगलं झालं. पण कागदावरचं नाव बदलल्यावर घरातली हाकही बदलावी लागते. आणि जरा विचार करा, जन्माच्या दाखल्यावर ‘नकुशी’ नसलं तरी आपल्या घरात, वाड्यावस्तीवर किती पोरांना अशी दुसरी नावं असतात? काळी. ढब्बी. येडं. लंगडा. रडी. आपण लाडाने म्हणतो, गमतीने म्हणतो. दहा माणसांनी दहा वर्षं तीच हाक मारली, की पोराला ते स्वतःचं खरं नाव वाटू लागतं.

मुलीच्या बाबतीत आणखी एक हाक असते: परक्याचं धन. आणि मुलाच्या बाबतीत: पोरगा असून रडतोस? एकीला कळतं, हे घर माझं नाही. दुसऱ्याला कळतं, मला दुखलं तरी सांगायची सोय नाही.

हे फार लवकर मनात शिरतं. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुलांना एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली आणि ही गोष्ट यांतल्या कुणाची असेल, म्हणून बायकांची आणि पुरुषांची चित्रं दाखवली. पाच वर्षांच्या मुली बाईच्या चित्रावर बोट ठेवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण कमी झालं. ‘हा खेळ खूप हुशार मुलांचा आहे’ असं सांगितलं की त्या मुली मागेही सरू लागल्या. गंमत अशी, की शाळेत मुलींना चांगले मार्क मिळतात हे त्यांना माहीत होतं. मार्क दिसत होते, तरी ‘हुशार’ हा शब्द आपल्यासाठी नाही असं वाटू लागलं होतं. वय किती, तर पहिलीत जाणाऱ्या पोरीचं.

चारचौघांत ओळख करून देताना

आता आपल्या देशातलं ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अभ्यासक बायकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. मुलं वेगवेगळ्या जातींची होती. कुणाची जात न सांगता कोडी दिली, तेव्हा खालची मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी बाकीच्यांइतकीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तिथे त्या मुलांची कोडी कमी सुटली.

पोरांची बुद्धी तेवढीच होती. कागद, पेन्सिल, पैसे, सगळं तेच. फक्त ‘तू कोण’ याची आठवण सगळ्यांसमोर करून दिली, आणि हात आखडला. म्हणून जेव्हा कुणी वर्गात किंवा पारावर म्हणतं, ‘हा अमक्याचा ना, मग ह्याला काय यायचंय’, ‘खाण तशी माती’, तेव्हा ते नुसतं बोलणं नसतं. त्या पोराच्या हातातली पेन्सिल तिथेच अडते.

कौतुकसुद्धा जपून करा

तुम्ही म्हणाल, मग आम्ही दिवसभर ‘हुशार गं माझी बाय’ म्हणत बसू. थांबा, तिथेही एक मेख आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली. ‘हुशार’ म्हटलेली मुलं आता पहिल्यापेक्षाही मागे पडली. ‘मेहनत घेतलीस’ म्हटलेली पुढे गेली.

असं का झालं? ज्याला ‘हुशार’ म्हटलं, त्याला एक हार मिळाली की वाटतं, आपण हुशार नव्हतोच. ज्याला ‘मेहनत’ म्हटलं, त्याच्या हातात उपाय असतो: आणखी मेहनत करू.

मग घरात काय करायचं?

पहिलं, चूक झाली तर चुकीला बोला, पोराला नाव ठेवू नका. कळशी लवंडली तर ‘वेंधळी कुठली’ म्हणण्याऐवजी ‘पाणी सांडलं, फडकं आण, दोघी पुसू’ म्हणा.

दुसरं, कौतुक नेमकं करा. ‘छान छान’ पेक्षा ‘आज तू न सांगता शेळीला पाणी पाजलंस’, ‘तो हिशोब तीनदा खोडून पुन्हा केलास’ हे लेकराला जास्त पोचतं. जमलं नसेल तर खोटं कौतुक नको. पोरांना ते लगेच कळतं.

तिसरं, ‘जमत नाही’ च्या आधी ‘अजून’ लावा. ‘तुला भागाकार जमत नाही’ आणि ‘तुला भागाकार अजून जमत नाही’ यांत दार बंद आणि दार उघडं एवढा फरक आहे.

चौथं, खरं काम द्या आणि मधूनच हिसकावून घेऊ नका. मुलीला दूध डेअरीचा हिशोब लिहू द्या, बँकेची स्लिप भरू द्या. मुलाला वरण-भात लावू द्या. वेळ लागेल, लागू दे. स्वतःच्या हाताने काम पुरं झालं की ‘मला येतं’ हे कुणी सांगावं लागत नाही.

पाचवं, पाहुण्यांसमोर लेकराचं उणं काढू नका, आणि दुसऱ्यांनी काढलं तर तिथेच एक वाक्य बोला. सासूबाई म्हणाल्या, ‘ही काळी पडली बाई, हिचं कसं व्हायचं?’ तर भांडायची गरज नाही. एवढंच म्हणा, ‘आत्याबाई, रंगाचं राहू द्या. तिनं काल बाजाराचा हिशोब कसा चोख लावला, ते विचारा की तिला.’ पोरगी दाराआडून ऐकत असते. आई आपल्या बाजूने उभी राहिली, हे ती जन्मभर विसरत नाही.

सहावं, शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असायला हव्यात, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तिथे विचारा: वर्गात ‘हुशारांची रांग’ आणि ‘ढ मुलांची रांग’ आहे का? जातीवरून, बापाच्या धंद्यावरून कुणाला हाक मारतात का? एकटीला बोलायला जड जातं, म्हणून चौघी मिळून जा.

आणि एक लक्षात ठेवा. मूल बरेच दिवस गप्प गप्प राहात असेल, शाळेत जायला मुळीच तयार नसेल, ‘मी मेलेली बरी’ असं काही बोलत असेल, तर नाटक म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसून ऐकून घ्या. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

शेवटचं सांगते, आणि हे जरा आपल्यासाठी आहे. लेकरू आपल्याला फक्त ऐकत नाही, आपल्याला बघतही असतं. ‘मी अडाणी बाई, मला काय कळतंय’ असं आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? घरात आपल्याला कुणी ‘तू गप बस, तुला काय अक्कल’ म्हटलं की आपण काय करतो? मुलगी त्यावरून शिकते, बाई म्हणजे कोण. मुलगाही शिकतो, बाईशी कसं बोलायचं. जी आई गटाच्या बैठकीत उभी राहून कर्जाचा प्रश्न विचारते, अडखळत का होईना सही करते, तिच्या पोरीच्या आरशात वेगळी बाई दिसते.

गटाची पुढची बैठक होईल तेव्हा हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं: आपल्या घरात लेकराला कोणती वाईट हाक मारली जाते, आणि या महिन्यात ती कोणत्या हाकेने बदलायची. वहीत हप्त्याच्या शेजारी लिहून ठेवा. महिन्याने विचारा, किती जणींना जमलं. ज्यांना जमलं नाही त्यांना काय म्हणायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे: अजून जमलं नाही.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.