विमान का पडले?

मुलांनो, विमान अपघाताची बातमी तुम्ही ऐकली असेल. दूरदर्शनवर किंवा वर्तमानपत्रात मोडलेल्या विमानाचे चित्र पाहिले असेल. काही दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होते. कोणी म्हणतो, वैमानिक चुकला. कोणी म्हणतो, यंत्र बिघडले. कोणी हवामानाला दोष देतो. मग हळूहळू लोक ती गोष्ट विसरतात. पण काही माणसे मात्र ती विसरत नाहीत. ती महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात : विमान का पडले?

ही माणसे म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारे तज्ज्ञ होत. त्यांचे काम कसे चालते आणि ते कोणासाठी चालते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

विमानाचा इतिहास जितका जुना, जवळजवळ तितकाच अपघातांच्या चौकशीचा इतिहास जुना आहे. राइट बंधूंनी १९०३ साली अमेरिकेत पहिले विमान उडवले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९०८ रोजी, ऑर्व्हिल राइट सैन्यातील अधिकाऱ्यांना आपले विमान दाखवत होते. त्यांच्या शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसले होते. अचानक विमान खाली कोसळले. ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले आणि सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेले ते पहिले गृहस्थ. मोडलेले भाग तपासल्यावर कारण कळले. विमानाच्या पंख्याचे एक पाते तडकले होते. त्यामुळे पंखा थरथरू लागला आणि शेपटीकडील सुकाणू धरून ठेवणाऱ्या तारेला लागला. तार सुटली आणि विमान ताब्यात राहिले नाही. एका तडकलेल्या पात्याने एवढा अनर्थ केला!

आता आपण एका प्रसिद्ध चौकशीची हकीकत पाहू. १९५२ साली ब्रिटनमध्ये 'कॉमेट' नावाचे प्रवासी विमान सुरू झाले. जेट इंजिनांवर चालणारे ते जगातील पहिले प्रवासी विमान. ते इतर विमानांपेक्षा वेगाने आणि खूप उंचावरून उडे. सगळ्या जगाने त्याचे कौतुक केले. पण १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले एक कॉमेट इटलीजवळच्या एल्बा बेटापाशी समुद्रात पडले. विमानातील सर्व ३५ माणसे मृत्युमुखी पडली. हवा चांगली होती. वैमानिकाने कोणतीही तक्रार कळवली नव्हती. मग झाले काय?

सगळी कॉमेट विमाने जमिनीवर थांबवण्यात आली. तज्ज्ञांनी तर्क केला की, कदाचित आग लागली असेल. आणखी कोठे दोष असू शकतील, याचाही विचार झाला. विमानांत अनेक सुधारणा केल्या गेल्या आणि मार्च महिन्यात उड्डाणे पुन्हा सुरू झाली. खरे कारण मात्र कोणालाच सापडले नव्हते. उड्डाणे सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ८ एप्रिल रोजी दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. आणखी २१ जीव गेले. तर्क कितीही चांगला असला, तरी तो पुरावा नव्हे, हे त्या २१ जणांच्या मृत्यूने दाखवून दिले.

आता चौकशी नव्या पद्धतीने सुरू झाली. सर आर्नोल्ड हॉल हे तिचे प्रमुख होते. ब्रिटनच्या आरमाराने एल्बाजवळ समुद्राच्या तळातून विमानाचे तुकडे वर काढले. हे तुकडे फार्नबरो येथील प्रयोगशाळेत आणले गेले. तेथे विमानाच्या आकाराचा एक लाकडी सांगाडा उभारला होता. जो तुकडा जेथला, तो तेथे बसवायचा, असे काम सुरू झाले. फुटलेली सुरई आपण तुकडे जुळवून पुन्हा उभी करतो, तसेच हे काम होते.

त्याच वेळी दुसरा एक प्रयोग चालू होता. विमान खूप उंचावर जाते तेव्हा बाहेरची हवा विरळ असते. आत मात्र प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब जास्त ठेवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर पुन्हा पूर्वीसारखे होते. शास्त्रज्ञांनी एक संपूर्ण कॉमेट विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले. त्याचे पंख तेवढे टाकीबाहेर होते. विमानाच्या आतही पाणी भरले. आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा आणि कमी करायचा, असे ते पुन्हा पुन्हा करू लागले. एकदा दाब वाढवून कमी केला की एक उड्डाण झाले, असे समजायचे. हवेऐवजी पाणी का वापरले? हवा दाबली तर ती फुग्यासारखी फुटून सगळ्याच्या चिंधड्या करते. पाणी तसे करत नाही. त्यामुळे तडा नेमका कोठे पडला हे पाहता येते.

हे विमान प्रयोगापूर्वी १,२२१ वेळा उडालेले होते. टाकीत आणखी १,८३६ वेळा दाब दिल्यावर त्याचे अंग फाटले. तडा एका चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यापाशी सुरू झाला होता. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांतही तसाच पुरावा मिळाला. विमानाच्या छतावरील एका झरोक्याच्या कोपऱ्याजवळून पत्रा फाटत गेला होता.

तुम्ही घरी एक लहानसा प्रयोग करून पाहा. एक बारीक तार घ्या. ती एकदा वाकवली तर तुटत नाही. पण त्याच जागी ती पुन्हा पुन्हा इकडे तिकडे वाकवत राहा. थोड्याच वेळात ती मोडेल. जणू काही ती थकून जाते. यालाच 'धातूचा थकवा' म्हणतात. कोपरा असेल तेथे ताण एकवटतो आणि थकवा लवकर येतो. म्हणूनच तुम्ही आजच्या विमानाच्या खिडक्या पाहिल्या, तर त्यांचे कोपरे गोलाकार दिसतील. त्या गोलाईमागे ही कहाणी आहे.

कॉमेटच्या चौकशीतूनच आणखी एक कल्पना पुढे आली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरन नावाचे शास्त्रज्ञ होते. ते नऊ वर्षांचे असताना, १९३४ साली, त्यांचे वडील एका विमान अपघातात वारले होते. ते विमान समुद्रावर नाहीसे झाले. त्याचे काय झाले, हे सांगायला कोणीच उरले नाही. कॉमेटच्या अपघातांवर विचार करताना वॉरन यांच्या मनात आले की, वैमानिकांचे शेवटचे बोलणे आणि यंत्रांचे आकडे जर विमानातच नोंदवून ठेवता आले तर? त्यांनी तसे यंत्र तयार केले. त्यात एका पोलादी तारेवर चार तासांची नोंद राहत असे. सुरुवातीला त्यांच्या देशात या यंत्राचे स्वागत झाले नाही. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवणार, असे वैमानिकांना वाटले. पुढे १९६० साली ऑस्ट्रेलियातील मॅके येथे विमान पडून २९ माणसे गेली. त्या अपघाताचे कारण नक्की सांगता आले नाही. तेव्हा चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी अशी यंत्रे विमानांत बसवावीत, अशी शिफारस केली.

हीच ती 'ब्लॅक बॉक्स' म्हणजे काळी पेटी. पण नावावर जाऊ नका! ही पेटी काळी नसते. ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात. बहुतेक मोठ्या विमानांत अशा दोन पेट्या असतात. एकीत विमानाचा वेग, उंची, दिशा, इंजिनांची स्थिती यांची नोंद होते. दुसरीत वैमानिकांचे संभाषण आणि त्यांच्या कक्षातील आवाज साठवले जातात. या पेट्या सुमारे १,१०० अंश सेल्सिअस उष्णतेत एक तास टिकतील अशा बनवलेल्या असतात. त्या पाण्यात पडल्या तर त्यांच्यावरील छोटे यंत्र ठरावीक वेळाने आवाज करत राहते. तुम्ही उर्दूत ज्याला 'गवाह' म्हणता, त्याला मराठीत 'साक्षीदार' म्हणतात. काळी पेटी हा असाच एक साक्षीदार आहे. तो घाबरत नाही, विसरत नाही आणि कोणाची बाजूही घेत नाही.

परंतु केवळ पेटीवर विसंबून चालत नाही. अपघात झाला की प्रथम जखमींना मदत दिली जाते. मग ती जागा दोरी बांधून बंद करतात. कोणीही कोणताही तुकडा हलवायचा नाही, असा नियम असतो. कोणता तुकडा कोठे पडला, याचा नकाशा काढतात. विमानाचे नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोके एकाच ठिकाणी आहेत का, हे पाहतात. एखादे टोक काही किलोमीटर दूर सापडले, तर विमान हवेतच मोडू लागले होते असे समजते. इंधनाचे नमुने तपासतात. दुरुस्तीच्या वह्या वाचतात. हवामानाची माहिती घेतात. पाहणाऱ्या लोकांना विचारतात. मात्र एकच गोष्ट चार माणसे चार प्रकारे सांगतात, म्हणून प्रत्येक गोष्ट दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहतात.

आता आपल्या देशातील एक घटना पाहा. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरबस्तानचे एक बोइंग विमान निघाले. त्याच वेळी कझाकस्तानचे एक विमान दिल्लीकडे येत होते. नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. पण कझाक विमान त्या उंचीच्या खाली आले. हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे मरण पावली. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. कझाक विमान ठरलेल्या उंचीवर राहिले नाही, हे त्यांना आढळले. त्या विमानातील लोकांचे इंग्रजी कच्चे होते, ही गोष्टही पुढे आली. नियंत्रकाचे शब्द कानांवर पडले होते, पण त्यांचा अर्थ सगळ्यांपर्यंत नीट पोहोचला नाही.

मुलांनो, तुम्ही दुसरी भाषा शिकत आहात. म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. शब्द ऐकणे वेगळे आणि अर्थ समजणे वेगळे. समजले नसेल तर "पुन्हा सांगा" असे म्हणण्यात कमीपणा नाही. पुढे जगभर आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी भाषेच्या परीक्षेचा नियम झाला. तो २००८ साली लागू झाला. भारतात विमानांच्या येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले गेले. दुसरे विमान जवळ आले की वैमानिकाला सावध करणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले.

अशा चौकशीचे नियम सर्व देशांनी मिळून ठरवले आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली ते प्रथम मंजूर केले. ज्या देशात अपघात होतो, तो देश चौकशी करतो. विमान ज्या देशात बनले आणि ज्या देशाचे आहे, तेथील तज्ज्ञही त्यात भाग घेतात. भारतात या कामासाठी २०१२ साली एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान उड्डाण करताच कोसळले आणि २६० माणसांचा जीव गेला. विमानातील केवळ एक प्रवासी वाचला. त्या अपघाताची चौकशीही याच विभागाने हाती घेतली आणि सुमारे एका महिन्यात प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. प्राथमिक अहवालात तोपर्यंत हाती आलेली माहिती असते. शेवटचा निष्कर्ष अंतिम अहवालातच येतो.

या नियमांमधील एक नियम फार महत्त्वाचा आहे. चौकशीचा हेतू पुन्हा तसा अपघात होऊ नये हा आहे, कोणाला दोषी ठरवणे हा नाही. तुम्हांला वाटेल, असे का? ज्याने चूक केली त्याला शिक्षा नको का? गुन्हा घडला असेल तर त्यासाठी पोलीस आणि न्यायालये आहेत. पण शिक्षेची भीती असली की माणूस चूक लपवतो. चूक लपली की कारणही लपते. मग तीच चूक उद्या दुसऱ्या विमानात होते. शिवाय, "वैमानिक चुकला" एवढे म्हणून तज्ज्ञ थांबत नाहीत. तो का चुकला? त्याला पुरेसे शिक्षण मिळाले होते का? तो थकला होता का? दिवा नीट दिसत होता का? सूचना स्पष्ट होती का? असे प्रश्न ते एकामागून एक विचारत जातात. अपघात बहुधा एका कारणाने होत नाही. लहान लहान चुकांची एक साखळी तयार होते. त्या साखळीची एक कडी जरी वेळेवर तुटली, तरी माणसे वाचतात.

गेलेली माणसे परत येत नाहीत, हे खरे. त्यांच्या घरच्यांचे दुःख कोणताही अहवाल पुसू शकत नाही. पण आज रोज लक्षावधी लोक विमानाने सुखरूप प्रवास करतात. गोल कोपऱ्यांच्या खिडकीतून एखादे मूल ढग पाहते, तेव्हा ती खिडकी अशी का आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते तुम्हांला आता ठाऊक झाले आहे. यापुढे अपघाताची बातमी ऐकाल, तेव्हा "चूक कोणाची?" असे विचारण्याआधी "असे का झाले?" असे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरा.