जेवणाच्या टेबलावरचं ऑफिस

सित्राजवळच्या मआमीरला आम्ही पंप-दुरुस्तीचा गाळा घेतला. नोंदणीचा पत्ता गाळ्याचा, पण कागद सगळे घरच्या जेवणाच्या टेबलावर! कारण गाळ्यात वाळू आणि ग्रीस. पावतीपुस्तक दोन दिवसांत काळं होतं.

पहिल्याच महिन्यात धडा मिळाला. माल पोचल्याची सही असलेली पावती हरवली आणि गिऱ्हाइकाने २१० दिनार अडवून ठेवले. भाडं थकलेलं, घरात तीन दिवस अबोला. शेवटी पावती सापडली मुलीच्या चित्रकलेच्या वहीत, मागे सुरेख मोर काढलेला!

मग सुट्टीच्या दिवशी हॉलचा एक कोपरा रिकामा केला. एक टेबल, एक कुलपाचं कपाट आणि तीन फायली: येणं, देणं, सरकारी. कागद घरात आला की आधी फाईल, मग चहा. बहरीनमध्ये २०१९ साली व्हॅट आला, २०२२ पासून तो १० टक्के झाला. वर्षाची उलाढाल ३७,५०० दिनारांवर गेली की नोंदणी सक्तीची. तेव्हा कागद शोधत बसून कसं चालेल?

वेळाही ठरवल्या. इथे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात साडेदहा. सुट्या भागांसाठी फोन तेव्हाच. शुक्रवारी आपल्याला सुट्टी, तिकडे मात्र काम चालू, म्हणून त्या सकाळचा एक तास ऑफिसचा. रोज रात्री नऊनंतर कोपऱ्यातला दिवा बंद.

गिऱ्हाइकाने पावती मोरासकट मान्य केली. तिची झेरॉक्स कपाटावर चिकटवली आहे. धंदा काढणाऱ्यांना आमचं एकच सांगणं: आधी कोपरा ठरवा, मग पाटी रंगवा!