नाक दाबलं की तोंड उघडतं

नाल्यावरचा पूल आला की स्कूटरवर मागे बसलेली बाई ओढणी नाकावर घेते आणि पूल संपला की सोडते. जंतू वासाबरोबर येतात नि वासाबरोबरच जातात, असा त्यामागचा हिशेब. तो चुकतो. नाल्याची घाण मारते ती मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंमुळे. हवेत तरंगणारे जंतू नाकाला कळत नाहीत. त्यापेक्षा डोळ्यांनी बघावं. सांडपाणी उंचावरून पडतं, पांढरा फेस साचतो, तिथं बुडबुडे फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक थेंब उडतात, त्यांतलं पाणी सुकतं आणि उरलेला कण वाऱ्यावर निघतो.

‘जुलाबाचे जंतू पाण्यातून येतात, हवेतून कसे येतील?’ हे निम्मं खरं आहे. मुख्य वाट आजही पाणी, अन्न आणि न धुतलेले हात हीच. पण श्वासाबरोबर आत गेलेले बरेच कण नाका-घशातल्या शेंबडात अडकतात आणि तो आपण दिवसभर नकळत गिळत असतो. नाक दाबून तोंडानं श्वास घेणाऱ्यांनी तर काय मिळवलं, देव जाणे.

कानपूर, बोलिव्हियातलं ला पाझ आणि अमेरिकेतलं अटलांटा इथल्या हवेच्या नमुन्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शिगेला, साल्मोनेला, नोरोव्हायरस अशा पोटाच्या जंतूंची जनुकं कानपूर आणि ला पाझच्या उघड्या नाल्यांजवळ जास्त वेळा सापडली. आता याचा अर्थ ‘हवेतून कॉलरा’ असा काढू नये. जनुक सापडणं म्हणजे चोराची चप्पल सापडणं. चोर ऊन आणि कोरड्या हवेनं मेलेलाही असू शकतो. मात्र अशी चप्पल सापडलेल्या नमुन्यांपैकी कानपुरात सुमारे ७६ टक्के आणि ला पाझमध्ये २५ टक्के नमुन्यांत जिवंत ई. कोलायही निघाले. अटलांटात एकाही नाही. फरक हवेचा नव्हे, गटारावरच्या झाकणाचा.

दुसरी शंका अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंची: ‘मी अँटिबायोटिक घेतच नाही, मग मला रेझिस्टन्स कसला?’ औषधाला सरावतो तो जंतू, माणूस नव्हे. असा जंतू दुसऱ्याच्या पोटात तयार होऊन तुमच्याकडे येऊ शकतो. इथं चप्पलही कामाला येते: मेलेल्या जंतूचं प्रतिकाराचं जनुक जिवंत जंतू उचलून वापरू शकतो. जगातल्या १९ शहरांतल्या गाड्यांच्या एसीच्या फिल्टरवरची धूळ तपासली, तर तिच्यातही अशी जनुकं मिळाली. सर्वांत जास्त सॅन फ्रान्सिस्कोची. म्हणजे हा फक्त गरीब शहरांचा प्रश्न, हेही खोटं.

आणि घरात? २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून जास्त रहिवाशांना सार्स झाला. रोग श्वसनाचा, पण विषाणू रुग्णाच्या शौचातूनही बाहेर पडत होता. बाथरूममधल्या जाळ्यांखालचे ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून पाइपातली हवा अडवणारे वळसे, कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट पंखा लावला की ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात ओढली जात होती. आपले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तोच हा. गावाला जाऊन आल्यावर त्यात आधी तांब्याभर पाणी ओतावं, पंखा नंतर लावावा.