मोटारसायकलचे ब्रेक कॅलिपर जखडणे

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमधील कॅलिपरचे हलते भाग गंजामुळे अथवा साचलेल्या क्षारांमुळे अडकणे आणि लिव्हर सोडल्यानंतरही ब्रेक पॅड चकतीला घासत राहणे, या दोषास कॅलिपर जखडणे असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘ब्रेक धरला’ किंवा ‘कॅलिपर जाम झाला’ असे म्हटले जाते. जुन्या, आणि त्यातही बराच काळ उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हा दोष विशेषत्वाने आढळतो. धरलेल्या ब्रेकमुळे फार तर पेट्रोल अधिक जळते, असा एक समज आहे. वस्तुतः सतत धरलेला ब्रेक तापून काही अंतरानंतर मुळीच न लागणारा ब्रेक ठरू शकतो, हा त्यातील खरा धोका आहे.

पार्श्वभूमी

दुचाकीवर डिस्क ब्रेक प्रथम १९६२ मध्ये लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या इटालियन स्कूटरवर आला. तो तारेने चालणारा होता. द्रवदाबावर चालणारा डिस्क ब्रेक सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय १९६९ च्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलला दिले जाते. भारतात मात्र ड्रम ब्रेकचे प्राबल्य दीर्घकाळ टिकले. यामाहा आरडी ३५० च्या मूळ जपानी आवृत्तीला पुढे डिस्क असतानाही १९८३ पासून भारतात बनलेल्या राजदूत ३५० ला ड्रमच होता. हीरो होंडा सीबीझी (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) यांसारख्या गाड्यांनंतर पुढील डिस्क येथे सर्वपरिचित झाली. त्या पिढीतील गाड्या आता पंचविशीच्या घरात आहेत.

रचना

लिव्हर दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दाब नळीतील द्रवामार्फत कॅलिपरमध्ये पोहोचतो आणि तेथील पिस्टन पॅडला चकतीवर दाबतो. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग मात्र यात नसते. हे काम पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील करते. पिस्टन पुढे सरकताना सील किंचित पीळ खाते आणि दाब ओसरताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. ही माघार मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते, म्हणून अत्यल्प अडथळाही तिला रोखण्यास पुरेसा ठरतो.

अनेक गाड्यांमध्ये पिस्टन चकतीच्या एकाच बाजूस असतो आणि संपूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून दुसरे पॅड जवळ आणतो. सीबी ७५० मध्ये सरकत्या पिनांऐवजी कॅलिपर एका खिळीवर झुलणाऱ्या भुजेवर बसवलेला होता. ही खिळी गंजली की कॅलिपर झुलणे थांबते आणि पिस्टन निर्दोष असूनही एक पॅड चकतीला चिकटून राहते.

कारणे

मराठीत गंज हा शब्द लोखंडाशी इतका निगडित आहे की ॲल्युमिनियम गंजत नाही असेच पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवर पांढऱ्या, कणीदार ऑक्साइडचा थर धरतो आणि तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. कॅलिपरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, पिस्टन बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, आणि मध्ये खारट ओलावा. अशा स्थितीत विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम आधी झिजते. हा थर सील बसवलेल्या खोबणीच्या तळाशी वाढला की सील बाहेर ढकलले जाते व पिस्टनला करकचून आवळते. जुन्या कॅलिपरच्या बाबतीत दोषाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. पिस्टन वरवर चकचकीत दिसतो, त्यामुळे ते सहसा नजरेतून सुटते.

पिस्टनच्या मुलाम्याखाली पाणी शिरल्यास त्यावर खड्डे पडतात. पॅडच्या बाजूचा धूळरोधक सील फाटल्यास ही क्रिया वेगाने होते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा आणि लांबलेला पावसाळा तिला अनुकूल असतात; थंड प्रदेशांत हिवाळी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ तेच काम करते.

ओलावा आतूनही येतो. ‘ब्रेक ऑइल’ हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण ते खनिज तेल नसून ग्लायकॉलवर्गीय द्रव असते आणि हवेतील बाष्प शोषते. (नावावर विसंबून त्यात इंजिन ऑइल ओतल्यास सर्व रबरी भाग फुगून निकामी होतात.) डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. धरलेल्या ब्रेकची उष्णता अशा जुन्या द्रवाला उकळवू शकते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे लिव्हर मुठीपर्यंत येते पण ब्रेक लागत नाही. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगावयास नको.

निदान

गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक जमिनीपासून उचलावे, लिव्हर दाबून सोडावी आणि चाक हाताने फिरवावे. पॅडचा किंचित घासण्याचा आवाज स्वाभाविक आहे. चाक एका फेरीतच थांबत असेल तर दोष आहे. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बरेच झिजलेले असल्यास सरकत्या पिनांविषयी संशय घ्यावा. चकतीस हात लावून उष्णता पाहू नये. पाण्याचे थेंब टाकून पाहणे पुरेसे असते.

यानंतरची कसोटी कॅलिपर खोलण्यापूर्वीच करावी, कारण दोष कॅलिपरमध्ये नसण्याचीही शक्यता असते. ब्रेक धरलेला असताना कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. द्रव उडून चाक मोकळे झाले तर दाब अडकून पडला होता. झाले नाही तर अडथळा कॅलिपरमध्येच आहे. पहिल्या प्रकारात पुन्हा ब्रेक धरू देऊन नळीचे मास्टर सिलिंडरकडील टोक सैल करावे. त्याने चाक सुटल्यास मास्टर सिलिंडरमधील द्रव परतण्याचे सूक्ष्म छिद्र बुजलेले असते किंवा लिव्हरला आवश्यक तेवढी ढिलाई नसते. त्याने न सुटता केवळ खालच्या निपलाने सुटत असल्यास जुनी रबरी नळी आतून फुगलेली असते. निघताना ठीक असलेला ब्रेक काही किलोमीटरनंतर धरू लागतो, हे बुजलेल्या छिद्राचे ठळक लक्षण होय.

दुरुस्ती

अडकलेला पिस्टन पेचकसाने मागे रेटून पॅड बदलणे ही सर्रास केली जाणारी आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती आहे. बाहेरचा गंज त्यामुळे सीलवर ओढला जातो, खोबणीतील थर तसाच राहतो व ब्रेक पुन्हा धरतो.

पिस्टन काढण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे कॅलिपर नळीला जोडलेला ठेवून लिव्हरनेच तो बाहेर ढकलणे. दोन पिस्टनांपैकी एकच हलत असल्यास हलणारा शिकंजाने धरून ठेवावा. संपीडित हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात. तो मार्ग टाळावा. फारच घट्ट बसलेल्या पिस्टनासाठी निपलाच्या जागी ग्रीस गनची जोडणी लावून दाब देतात. मात्र नंतर ग्रीसचा अंशही उरता कामा नये. पिस्टनच्या बाहेरील पृष्ठभागास पकड लावणे सर्वथा वर्ज्य आहे.

सील काढल्यानंतर खोबणी साफ करणे हे या कामाचे मर्म आहे. टोकदार पण मऊ साधनाने पांढरा थर कोपऱ्यांपर्यंत खरवडावा. खोबणीची मूळ कड मात्र झिजू देऊ नये. नवे सील बोटाने दाबले असता तळाशी समतल बसले पाहिजे. खड्डे पडलेला पिस्टन पॉलिश पेपरने घासून वापरू नये, कारण मुलामा गेल्यावर गंज दुप्पट वेगाने परततो, तो बदलावाच. काही जुन्या गाड्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे पिस्टन मिळतात.

सील दरवेळी नवेच घालावेत आणि जुळणी करताना त्यांना ताजा ब्रेक द्रव अथवा रबरासाठी बनवलेले लाल ग्रीस लावावे. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस चालते. साधे खनिज ग्रीस कोणत्याही रबराजवळ नेऊ नये. नळीच्या जोडाचे तांब्याचे वायसर बदलून, नवा द्रव भरून हवा पूर्णपणे काढावी. ब्रेक द्रवाने रंग उतरतो, म्हणून पेट्रोलची टाकी आधीच झाकून ठेवणे श्रेयस्कर. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जुळणीनंतर पिस्टन पॅडला टेकेपर्यंत लिव्हर अनेकदा दाबावी लागते. तोवर ब्रेक लागत नाही, म्हणून हे काम गाडी जागेवरून हलवण्यापूर्वीच उरकावे. पहिली फेरी मोकळ्या जागी, मंद गतीने घ्यावी आणि परतल्यावर चकतीची उष्णता पुन्हा तपासावी. द्रव दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस अनेक उत्पादक करतात. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची लिव्हर अधूनमधून दाबल्याने पिस्टन एकाच जागी चिकटून बसत नाही.