निंबोळी : कपाशीच्या संरक्षणाचे घरचे साधन

सावनेर तालुका हा कपाशीचा व संत्र्याचा मुलूख. येथे बांधावर व गावठाणात कडुनिंब आहेच. परंतु ज्येष्ठ-आषाढात त्याखाली पडणारा निंबोळ्यांचा सडा बहुधा मातीत जातो. शेतकरी बंधूंनी हे धन वाया दवडू नये.

१९६२ मध्ये दिल्लीकडे टोळधाड आली असता भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान यांनी पिकावर निंबोळीच्या मगजाचे पाणी फवारले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची भूक मारते व तिला कात टाकू देत नाही. त्यामुळे कीड तात्काळ मरत नाही, हळूहळू खंगते. दुसऱ्या दिवशी जिवंत अळी दिसली म्हणून निराश होऊ नये.

याचे महत्त्व विदर्भास वेगळे सांगणे नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषारी औषधे फवारताना शेकडो शेतकरी व मजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक दगावले.

कृति अशी : पिकलेल्या निंबोळ्या वेचून, गर काढून, धुऊन सावलीत वाळवाव्यात व हवेशीर पोत्यात ठेवाव्यात. बुरशी आलेल्या टाकून द्याव्यात. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्याने पिळून गाळावे, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळावा व एकूण पाणी १०० लिटर करावे. हा झाला ५ टक्के अर्क. उन्हाने त्याचा गुण जातो. म्हणून तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा. एकरी २०० लिटर अर्कास १० किलो निंबोळी लागते.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी व लहान अळ्या यांवर हा अर्क उपयोगी पडतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि फुले येताच पिकाची पाहणी सुरू करावी.

ग्रामसेवक व कृषि सहायकांनी पावसाळ्याच्या तोंडी गावोगाव निंबोळी-संकलनाचा दिवस ठरवावा. आषाढात वेचलेले पोतेच भाद्रपदात पिकाच्या कामी येईल.