नोव्हगोरोदचा नगरकारभार : करारनामे, मोर्तबें व भूर्जपत्रें

(१) रशियांतील मॉस्को व पीतर्बुर्ग हीं नगरें वाचकांस ऐकून ठाऊक असतात. परंतु ज्याच्या जुन्या कारभाराचीं साधनें संशोधकानें मुद्दाम पाहावीं, असें नगर म्हणजे नोव्हगोरोद होय. वायव्य रशियांत, इल्मेन सरोवरांतून निघणाऱ्या वोल्खोव नदीच्या दोन्ही तीरांवर तें वसलें आहे. हल्लीं त्याचें अधिकृत नांव ‘वेलीकी नोव्हगोरोद’, म्हणजे ‘थोर नवनगर’, असें आहे. इ. स. ११३६ पासून १४७८ पर्यंत, सुमारें साडेतीनशें वर्षें, या नगरांत राजा असे, परंतु राज्य राजाचें नसे. मग तें कोणाचें होतें, व तें कोणत्या पुराव्यावरून सांगतां येतें, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

(२) आरंभ ११३६ च्या प्रसंगापासून करणें सोईचें. त्या वर्षीं नोव्हगोरोदकरांनीं आपला राजा व्सेव्होलोद म्स्तिस्लाविच यास बायको, मुलें व सासू यांसह धर्माध्यक्षाच्या वाड्यांत अटकेंत ठेविलें. २८ मेपासून १५ जुलैपर्यंत रोज तीस हत्यारबंद माणसें पहाऱ्यावर होतीं, असें तेथील बखरकार लिहितो. आरोपहि त्यानें नोंदिले आहेत : राजा रयतेची काळजी वाहत नाहीं, हें नगर सोडून त्यास दुसऱ्या गादीवर जावयाचें होतें, आणि लढाईंतून तो सर्वांआधीं पळाला. शेवटीं त्यास नगराबाहेर घालविलें व दुसरा राजा आणिला. राजपद मात्र मोडलें नाहीं. कारण फौजेस सेनापति व न्यायास अधिकार लागे. फरक इतकाच झाला कीं, यापुढें राजानें करार करून यावें.

(३) हे करारनामे तेराव्या शतकाच्या सातव्या दशकापासूनचे उपलब्ध आहेत. प्रारंभीं धर्माध्यक्षाचा आशीर्वाद, मग पोसाद्निक, तिस्यात्स्की, शतपति, वडीलधारे व ‘सर्व नोव्हगोरोद’ यांचा नमस्कार, आणि त्यानंतर कलमें, असा त्यांचा मायना असतो. राजानें पोसाद्निकावांचून न्याय करूं नये. त्याच्यावांचून परगणे वांटूं नयेत, कीं सनदा देऊं नयेत. नोव्हगोरोदच्या मुलखांत राजानें, राणीनें वा त्यांच्या सरदारांनीं गांवें संपादूं नयेत. जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारींत राजानें नोव्हगोरोदकरांमार्फतच व्यवहार करावा, व ती वखार बंद करूं नये. रानडुकरांची शिकार नगरापासून किती अंतरावर करावी, हेंहि ठरलेलें असे. इतकें लिहून राजानें क्रूसाचें चुंबन घेऊन शपथ वाहावयाची. त्याचा वाडाहि नगरांत नव्हता. तो दक्षिणेस सुमारें अर्धा कोस, गोरोदिश्चे नांवाच्या टेकाडावर होता.

(४) आतां नगराची घडण पाहूं. नदीच्या पश्चिमेस सोफिया-तीर व पूर्वेस व्यापार-तीर. पंधराव्या शतकांत दोन्ही मिळून पांच पेठा होत्या. त्यांस ‘कोनेत्स’ म्हणत. पश्चिमेस नेरेव्स्की, ल्यूदिन व झागोरोद्स्की. पूर्वेस स्लावेन्स्की व प्लोत्नित्स्की, म्हणजे सुतारांची. प्रत्येक पेठेची स्वतःची सभा व स्वतःचा वडील. पेठेखालीं आळ्या व त्यांचेहि वडील. सर्वांवर नगराची सभा, ‘व्हेचे’. या शब्दाचें आमच्या ‘वाच्’ शब्दाशीं ध्वनिसाम्य पाहून संस्कृतज्ञास मोह पडतो, तो आवरावा. त्याचें मूळ मसलतवाचक स्लाव शब्दांत आहे.

या सभेच्या वतीनें तीन मुख्य अधिकारी काम पाहत. पोसाद्निक हा नगराचा कारभारी. तो श्रीमंत जमीनदार घराण्यांतूनच निवडला जाई. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर एकाच वेळीं अनेक पोसाद्निक असूं लागले व त्यांतला एक प्रत्यक्ष अधिकारारूढ असे. तिस्यात्स्की, म्हणजे सहस्रपति, याजकडे नगराची फौज व व्यापाऱ्यांचे तंटे होते. तिसरा धर्माध्यक्ष. ११५६ पासून त्यालाहि नगरच निवडूं लागलें. ११९३ त तीन नांवांच्या चिठ्ठ्या सोफिया-मंदिराच्या वेदीवर ठेविल्या व सभेंतून एका आंधळ्यास पाठवून कौल घेतला, अशी नोंद आहे. नगराचा खजिना त्याच्याच मंदिरांत राही. १४६८ सालीं सोलोव्हेत्स्की मठास दिलेल्या दानपत्रास शिशाचीं आठ मोर्तबें आहेत : धर्माध्यक्षाचें एक, पोसाद्निकाचें एक, तिस्यात्स्कीचें एक व पांच पेठांचीं पांच. आपल्या महजरावरील निशाण्या वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस या आठ मोर्तबांत सर्व राज्यघटना वाचतां येईल.

(५) घटना कागदावर असते; ती चालते कशी, हें भांडणांत दिसतें. १२१८ त राजा स्व्यातोस्लाव यानें त्वेर्दिस्लाव या पोसाद्निकास काढावें असा निरोप सभेस धाडिला. सभेनें विचारलें, अपराध कोणता ? राजा म्हणाला, अपराध नाहीं. तेव्हां त्वेर्दिस्लावानें आपण निर्दोष ठरलों याचा संतोष मानिला, आणि पोसाद्निक व राजे नेमण्यास तुम्ही मुखत्यार आहां, असें सभेस सांगितलें. सभेनें राजास त्याच्या शपथेची आठवण देऊन कळविलें कीं, निरपराध्यास काढतां येत नाहीं. राजा गप्प बसला. मात्र याच त्वेर्दिस्लावावरून नगरांतल्या पेठा थोड्याच दिवसांपूर्वीं एकमेकींवर शस्त्र घेऊन उठल्या होत्या, हेंहि त्याच बखरींत आहे.

(६) मग हें राज्य लोकांचें होतें काय ? प्रस्तुत लेखकानें कित्येक वर्षें वर्गांत तसेंच सांगितलें. आतां तें निःशंकपणें सांगवत नाहीं. १३३१ च्या एका जर्मन पत्रांत नोव्हगोरोदच्या ‘तीनशें सोनेरी कमरपट्ट्यांचा’ उल्लेख आहे. त्यावरून वालेन्तिन यानिन या संशोधकानें असें मांडिलें कीं, सभा म्हणजे मोठ्या वाड्यांच्या कांहींशें धन्यांची बैठक होय. उलट, व्यापारी व सामान्य नगरवासी हेहि सभेंत असत, असें दाखविणारे उल्लेख इतरांनीं पुढें केले आहेत. वाद मिटलेला नाहीं. पण त्यास निराळा रंग आला तो भूर्जपत्रांमुळें.

२६ जुलै १९५१ रोजीं, आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांच्या उत्खननांत नेरेव्स्की पेठेंत पहिलें भूर्जपत्र निघालें. रशियन ‘बेऱ्योझा’ व संस्कृत ‘भूर्ज’ हे शब्द खरोखरीच सगोत्र आहेत. येथें संस्कृतज्ञानें खुशाल आनंद मानावा. भेद असा कीं, काश्मीरची भूर्जपत्रें शाईनें लिहिलेलीं, तर येथील टोंकदार कांडीनें कोरलेलीं. ओल्या भूमींत हवा न लागल्यामुळें तीं टिकलीं. रस्ते लांकडी ओंडक्यांचे. एकट्या वेलिकाया रस्त्यावर ९५३ ते १४६२ पर्यंतचे अठ्ठावीस थर निघाले, आणि त्यांच्या वलयांवरून पत्रांचा काळ ठरतो. आजवर एकट्या नोव्हगोरोदांत अकराशेंहून अधिक पत्रें मिळालीं आहेत. त्यांत ओन्त्सिफोर लुकिनिच या पोसाद्निकाचीं पत्रें आहेत, तशींच त्याचा मुलगा यूरी यास कुळांनीं केलेल्या विनवण्याहि आहेत. बखरींत जो सभेचा पुढारी, तो येथें खंड घेणारा धनी दिसतो. सत्ता एकाच घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कशी राहिली, हें या टाकाऊ सालींनीं सांगितलें. सनदांनीं सांगितलें नसतें.

(७) शेवट थोडक्यांत. १४७१ त शेलोन नदीवर मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननें नोव्हगोरोदचा पराभव केला. १४७७ त नगराच्या दोन वकिलांनीं त्यास ‘गोस्पोदीन’ ऐवजीं ‘गोसुदार’ असें संबोधिलें; पहिल्याचा अर्थ मान्यवर स्वामी, दुसऱ्याचा सत्ताधीश मालक. आम्हीं तसें सांगितलेंच नाहीं, असें सभेनें म्हटलें. इव्हाननें त्या एका शब्दावर फौज आणिली. जानेवारी १४७८ त सभा व पोसाद्निकपद हीं मोडलीं आणि सभेची घंटा मॉस्कोस नेली. ज्या बखरींत हें वर्तमान आहे, त्यांपैकीं कांहींत १४७५ सालाखालीं, चौल व जुन्नर पाहून गेलेल्या अफानासी निकितिनचा प्रवासवृत्तान्तहि उतरून घेतलेला आहे. आपला व नोव्हगोरोदचा कागदोपत्रीं संबंध तो एवढाच.

राजांना बांधणारे ते करारनामे आज उपलब्ध आहेत, ते बहुतांशीं मॉस्कोच्या दप्तरामुळें. म्हणजे ज्यानें करार मोडिले, त्याच्याच घरीं ते राहिले. आणि दुसरी साक्ष राहिली ती चिखलांत. प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं एका वाड्यांतून शिक्क्याचे कागद तेवढे उचलून आणिले व घरखर्चाच्या चिटोऱ्यांचें गांठोडें तेथेंच टाकिलें. पुढल्या पावसाळ्यांत तें कुजून गेलें. त्यांत काय होतें, हें आतां कोणासहि कळणार नाहीं. संग्राहकांनीं शिक्का अवश्य पाहावा. पण शिक्का नाहीं म्हणून कागद टाकूं नये, इतकीच विनंति आहे.